‘तुझा स्वभावच तसा’ हे निदान नव्हे

वाचक भगिनीचं पत्र, थोडं संक्षिप्त करून:

“मॅडम, माझं वय 39. सांगली जिल्ह्यातल्या तालुक्याच्या गावी राहते, पतसंस्थेत नोकरी करते. पाळी सुरू झाली त्या वर्षापासून माझं अर्धं डोकं दुखतं. दुखायला लागलं की उजेड नको, आवाज नको, फोडणीचा वास तर नकोच नको. उलटी झाली की जरा उतार पडतो, म्हणून माहेरी सगळे पित्तच म्हणायचे. लग्नानंतर डॉक्टरांनी मायग्रेन सांगितलं. पूर्वी महिन्यातून दोनदा-तीनदा व्हायचं, गेल्या वर्षभरात आठवड्यातून तीन-चार दिवस दुखतं. मेडिकलमधून गोळी आणते, घेते, कामाला लागते. चार महिन्यांपूर्वी डॉक्टरांनी रोज रात्री फ्लुनारिझिन सुरू केलं. डोकं थोडं कमी झालं, पण वजन सहा किलो वाढलं. आणि गेले तीन महिने कशातच राम वाटत नाही. भजनी मंडळात जायचे, ते सोडलं. पहाटे साडेतीनला जाग येते, रडू येतं. मुलीच्या वेळी बाळंतपणानंतरही काही महिने असंच झालं होतं. कधी वाटतं, सकाळी उठलेच नाही तर बरं. घरचे वाईट नाहीत. पण ‘तुझा स्वभावच टेन्शन घ्यायचा, म्हणून डोकं दुखतं’ असं सासूबाई म्हणतात, हे म्हणतात, आता डॉक्टरही म्हणाले. मला सगळं जिथल्या तिथे लागतं, हे खरंच आहे. स्वभाव बदलला तर डोकं थांबेल का? मानसोपचारांच्या गोळ्यांची सवय लागते म्हणतात, मग जावं का नको? मुलगी तेरा वर्षांची आहे, माझ्यासारखीच टापटिपीची. तिचंही डोकं दुखायला लागलंय. तिचं माझ्यासारखं व्हायला नको.”

ताई,

बाकी सगळं नंतर, आधी त्या एका वाक्याबद्दल. ‘सकाळी उठलेच नाही तर बरं’ हे तुम्ही वजन आणि बाळंतपणाच्या जोडीला जाता जाता लिहून गेलात. माझ्या लेखी तुमच्या पत्रातलं ते सगळ्यात महत्त्वाचं वाक्य आहे. असा विचार नैराश्यात येतो, पुष्कळांना येतो, आणि उपचार लागू पडले की जातो. तो मनात आला म्हणून तुम्ही कमकुवत ठरत नाही. पण तो एकटीने वागवू नका. आज रात्री तुमच्या मिस्टरांना हे वाक्य जसंच्या तसं सांगा. ‘बरं वाटत नाही’ असं मोघम नको. कधी हा विचार पुढे सरकला, म्हणजे कसं करावं, कधी करावं, असं काही मनात यायला लागलं, तर त्या दिवशी एकटं राहायचं नाही, सरळ दवाखाना गाठायचा. 14416 हा सरकारच्या टेलि-मानस या मानसिक आरोग्य सेवेचा फोन आहे. पैसे लागत नाहीत, रात्री-अपरात्रीही उचलतात, मराठीत बोलता येतं. हा नंबर मिस्टरांच्या फोनमध्येही घालून ठेवा.

आता दुसरी गोष्ट, तीही याच आठवड्यातली. फ्लुनारिझिन हे आपल्याकडे मायग्रेनसाठी भरपूर दिलं जाणारं औषध आहे आणि त्याने झटके कमी होतात, यात शंका नाही. पण वजन वाढणं, सुस्ती येणं आणि मन उदास होणं हे त्याचे माहीत असलेले दुष्परिणाम आहेत. ज्यांना पूर्वी नैराश्य येऊन गेलंय, त्यांना ते देऊ नये असाच संकेत आहे. तुमच्या पत्रातल्या तारखा पाहा: औषध चार महिन्यांपूर्वी, उदासी तीन महिन्यांपासून, आणि बाळंतपणानंतरचे ते महिने, जे बहुधा नैराश्यच होतं आणि त्या वेळी कुणी त्याला नावही दिलं नाही. सगळी उदासी या गोळीमुळेच आली असं मी पत्रावरून सांगू शकत नाही. पण ज्यांनी ती लिहून दिली, त्यांना उद्या-परवाच फोन करून हे तिन्ही सांगा आणि बदलून दुसरं काही देता येईल का, ते विचारा. बाळंतपणानंतरचं त्यांना तुम्ही सांगितलं नसणार, कारण डोकेदुखीसाठी गेलेल्या बाईला ते कुणी विचारत नाही. या बाबतीत मला आमच्याच व्यवसायाचा राग येतो. डोक्याचा डॉक्टर मनाबद्दल विचारत नाही आणि मनाचा डॉक्टर डोकं किती दिवस दुखतं ते विचारत नाही.

आता तुमचा मुख्य प्रश्न. स्वभावामुळे डोकं दुखतं का?

ही समजूत तुमच्या सासूबाईंनी काढलेली नाही. ती डॉक्टरांकडूनच आलेली आहे. न्यूयॉर्कमधले हॅरॉल्ड वुल्फ हे डोकेदुखीच्या अभ्यासातलं फार मोठं नाव. 1937 साली त्यांनी मायग्रेनच्या रुग्णांच्या व्यक्तिमत्त्वाचं वर्णन करणारा लेख लिहिला: महत्त्वाकांक्षी, काटेकोर, सगळं नीट हवं असणारे, राग गिळणारे, काम दुसऱ्यावर न सोपवणारे. त्यांना स्वतःलाही मायग्रेन होता. हे वर्णन इतकं चपखल वाटलं की ‘मायग्रेनचं व्यक्तिमत्त्व’ ही कल्पना पुढे कित्येक दशकं पाठ्यपुस्तकांत राहिली, आणि तिथून ती दवाखान्यांत आणि घराघरांत उतरली.

त्यातली गडबड अशी. नामांकित डॉक्टरकडे वेळ घेऊन, तारीख पाळून, आपल्या दुखण्याची टिपणं घेऊन कोण पोचतं? काटेकोर माणूसच. जो दुखणं अंगावर काढतो किंवा ज्याला परवडत नाही, तो त्या मोजणीत येतच नाही. शिवाय स्वभाव मोजायची साधनंही अशी, की दुखणारा माणूस त्यात आपोआप ‘चिंताग्रस्त’ ठरावा. अमेरिकेत 1940च्या दशकात मिनेसोटा विद्यापीठात तयार झालेली आणि नंतर जगभर वापरली गेलेली व्यक्तिमत्त्व चाचणी घ्या. शेकडो विधानं असतात, प्रत्येकाला ‘खरं’ किंवा ‘खोटं’ म्हणायचं. त्यात डोकेदुखीबद्दल, झोपेबद्दल, थकव्याबद्दलही विधानं आहेत. ज्या बाईचं डोकं खरोखरच दुखतं ती तिथे प्रामाणिकपणे ‘खरं’ म्हणणार, आणि तिच्या नावावर शरीराची फाजील काळजी करण्याचे गुण चढणार. दुखणं मोजलं आणि त्याला स्वभाव म्हटलं, असं बरीच वर्षं चाललं.

खरी समज आली ती दवाखान्याबाहेरच्या अभ्यासांतून. नाओमी ब्रेस्लाव या संशोधिकेने डेट्रॉइट परिसरातली 21 ते 30 वयाची हजारभर माणसं घेतली, दुखणारी आणि न दुखणारी अशी दोन्ही, आणि काही वर्षं त्यांचा पाठपुरावा केला. ज्यांना आधीपासून मायग्रेन होता, त्यांना पुढे पहिल्यांदा नैराश्य येण्याची शक्यता इतरांच्या साधारण तिप्पट निघाली. उलट बाजूने, ज्यांना आधी नैराश्य होतं, त्यांना पुढे पहिल्यांदा मायग्रेन होण्याची शक्यताही साधारण तिप्पटच. नुसतं ‘सारखं दुखतं म्हणून माणूस खचतो’ असं असतं, तर पहिलीच बाजू खरी ठरली असती. ब्रेस्लाव यांनी नंतर मायग्रेन नसलेल्या इतर जोरदार डोकेदुखीचीही तुलना केली. नैराश्यामुळे पुढे तसली डोकेदुखी सुरू होण्याची शक्यता काही वाढलेली दिसली नाही. म्हणजे मायग्रेन आणि नैराश्य यांचं नातं खास त्यांचं आपापसातलं आहे आणि दोन्हींच्या मुळाशी काहीतरी सामाईक आहे. काही भाग आनुवंशिक आहे. सेरोटोनिन या मेंदूतल्या रसायनाचा दोन्हींशी संबंध आहे. आणि स्त्रियांच्या बाबतीत इस्ट्रोजेन हे संप्रेरक आहे. वयात येण्याआधी मुलगे आणि मुली यांच्यात मायग्रेन जवळपास सारखाच असतो. पाळी सुरू झाली की मुलींचं प्रमाण वाढतं आणि मोठेपणी ते पुरुषांच्या तिप्पट होतं. नैराश्यही स्त्रियांमध्ये जवळजवळ दुप्पट. पाळीच्या तोंडावर इस्ट्रोजेन झपकन उतरतं, बाळंतपणानंतर तर फारच, आणि चाळिशीच्या पुढेमागे ते वरखाली व्हायला लागतं. तुमचं वय, तुमची बाळंतपणानंतरची आठवण आणि या वर्षात वाढलेलं दुखणं हे सगळं एका रांगेत बसतं. त्यात भर घरच्या आणि बाहेरच्या कामाची. तीही खरीच, फक्त ती एकटी नाही.

स्वभावाचा काहीच संबंध नाही, असं म्हणून तुम्हाला नुसता धीर देणं मला पटत नाही, कारण ते पुरतं खरं नाही. त्याच डेट्रॉइटच्या अभ्यासात असंही दिसलं की चटकन अस्वस्थ होण्याचा, मनाला लावून घेण्याचा कल ज्या स्त्रियांमध्ये जास्त होता, त्यांच्यात पुढे मायग्रेन सुरू होण्याचं प्रमाणही जास्त होतं. मी त्याचा अर्थ असा लावते की मुळातच संवेदनशील असलेली मज्जासंस्था एकीकडे चटकन लागून घेणारं मन म्हणून दिसते आणि दुसरीकडे मायग्रेन म्हणून. तोच आवाज, तोच उजेड पुन्हा पुन्हा आला की एरवी मेंदू त्याकडे दुर्लक्ष करायला शिकतो. मायग्रेन असणाऱ्यांचा मेंदू दोन झटक्यांच्या मधल्या चांगल्या दिवसांतही ते नीट शिकत नाही. शेजारचा मिक्सर, सणावाराची उदबत्ती, गणपतीतला स्पीकर तुम्हाला खरोखरच जास्त लागतो. 2022 साली एक लाखाहून जास्त मायग्रेन रुग्णांच्या जनुकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात मायग्रेनशी निगडित अशा 123 जागा सापडल्या. झटक्यात चेहऱ्याच्या आणि डोक्याच्या संवेदनांची नस सीजीआरपी नावाचा पदार्थ सोडते. हे आणि मायग्रेनची एकूणच यंत्रणा उलगडणाऱ्या चौघांना, लार्स एडविन्सन, पीटर गोड्सबी, मायकेल मॉस्कोवित्झ आणि येस ओलेसन यांना, 2021 साली डेन्मार्कचा ब्रेन प्राइझ मिळाला. असल्या आजाराला ‘टेन्शन घेऊ नकोस’ हा उपाय होऊ शकत नाही.

आणखी एक, जे घरात सगळ्यांनी ऐकावं. मायग्रेनचा झटका डोकं दुखण्याच्या बराच आधी, कधी कधी तर एक-दोन दिवस आधी सुरू होतो. जांभया, मान धरणं, गोडाची किंवा आंबटाची हुक्की, मन न लागणं आणि चिडचिड ही त्याची पहिली पायरी. घरच्यांना काय दिसतं? काल ही मुलीवर खेकसली, आज डोकं धरून पडली. म्हणजे चिडली म्हणून दुखलं. खरं तर पुष्कळदा झटका आत सुरू झालेला असतो म्हणून चिडचिड झालेली असते. पुढच्या वेळी नीट बघा. खेकसण्याआधी जांभया येत होत्या का, मान आखडली होती का?

मग स्वभाव कुठे येतो? तो येतो दुखण्याशी आपण कसं वागतो तिथे, आणि तिथे तुमच्या हातात पुष्कळ आहे. तुम्ही लिहिता, ‘गोळी घेते, कामाला लागते’. मी अंदाज करते की गोळीही तुम्ही उशिरा घेता. डबे भरून होईपर्यंत, काउंटर बंद होईपर्यंत कळ काढायची आणि अगदीच सहन होईना की मग घ्यायची. मायग्रेनमध्ये जठराचं काम मंदावतं, त्यामुळे उशिरा घेतलेली गोळी पोटातच पडून राहते आणि उलटीत जाते. झटक्याची गोळी लवकर आणि पुरेशा मात्रेत घ्यायची, लागली तर मळमळीच्या गोळीबरोबर. मार्चअखेरीच्या हिशेबात जेवायला तीन वाजवू नका. संकष्टी, हरतालिका असे कडक उपवास सोडायला मी तुम्हाला मोकळेपणाने सांगते. उपाशी राहणं हे मायग्रेनचं जुनं निमित्त आहे. सासूबाईंना वाईट वाटेल, तर डॉक्टरांनी मना केलंय म्हणा. ते खोटं नाही, मी करते आहे. आणि झटका ओसरल्यावर दुसऱ्या दिवशी बुडालेलं काम दुप्पट जोराने उपसायचं, ही सवय सोडावी लागेल. झटक्यानंतरचा दिवस हाही आजाराचाच भाग असतो, अंग पिळून निघालेलं असतं.

मात्र गोळी लवकर घ्या म्हणजे वाटेल तितकी घ्या असं नाही. आठवड्यातून तीन-चार दिवस म्हणजे महिन्याला बारा ते सोळा दिवस झाले. पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेनसारख्या साध्या वेदनाशामक गोळ्या महिन्यात 15 किंवा जास्त दिवस, आणि ट्रिप्टान (मायग्रेनच्या झटक्यावरची खास औषधं) किंवा दोन-तीन औषधं एकत्र असलेल्या गोळ्या 10 किंवा जास्त दिवस, असं तीन महिन्यांच्या वर चाललं, तर त्या गोळ्यांमुळेच डोकं दुखायला लागतं. मेडिकलमध्ये ‘डोक्याची’ म्हणून मिळणारी गोळी बहुतेक वेळा मिश्रणाची असते. स्ट्रिपच्या मागचं वाचा किंवा स्ट्रिपच डॉक्टरांना दाखवा. त्यातून नैराश्य असलं की महिन्यातून अधूनमधून येणारा मायग्रेन जवळजवळ रोजचा होण्याचा धोका वाढतो. म्हणून मनाचा उपचार हा डोक्याचाही उपचार आहे.

घरी स्वयंपाकघरात कालनिर्णय असेलच. रोजच्या चौकटीत पेन्सिलीने एवढंच लिहा: दुखलं तर ड, गोळी घेतली तर ग, पाळी असेल तर प, आणि त्या दिवशी मन कसं होतं त्याला दहापैकी एक आकडा. दोन महिन्यांची ही पानं डॉक्टरांपुढे ठेवली, तर पाळीशी संबंध आहे का, गोळ्या किती होतात, आधी मन उतरतं की आधी डोकं दुखतं, हे तुमच्या तोंडी वर्णनापेक्षा कितीतरी स्पष्ट दिसेल. औषध बदलण्यासाठी मात्र हे दोन महिने थांबू नका.

मानसोपचारतज्ज्ञांकडे जावं का? हो, जा. शक्य असेल तर डोक्याचं न्यूरोलॉजिस्टलाही एकदा दाखवा, कारण दुखण्याची पद्धत बदलली आहे आणि नीट तपासणी झालेली बरी. हिमोग्लोबिन, थायरॉइड आणि रक्तदाबही बघून घ्या. गोळ्यांची सवय लागते असं तुम्ही ऐकलंय, ती झोपेच्या गोळ्यांची. नैराश्याच्या गोळ्यांची तशी नशा किंवा चटक लागत नाही. फक्त त्या एकदम बंद करायच्या नसतात, हळूहळू उतरवायच्या असतात. गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात आणि बरं वाटल्यावरही निदान सहा महिने चालू ठेवतात. काही औषधं दोन्ही आजारांवर चालतात. व्हेनलाफॅक्सिन हे त्यातलं एक. अमिट्रिप्टिलिन मायग्रेनसाठी रात्री 10 ते 25 मिलिग्रॅम देतात, पण तेवढ्या मात्रेने नैराश्य सहसा हटत नाही आणि त्यानेही वजन वाढतं, तेव्हा तुमच्यासाठी ते पहिलं नसावं. कुणी मैत्रिणीने ‘माझं वजनही उतरलं’ म्हणून टोपिरामेट हे मायग्रेनचं औषध सुचवलं, तर परस्पर घेऊ नका. त्यानेही काहींचं मन उतरतं. गोळ्यांच्या जोडीला विचार आणि वागणूक यांवर काम करणारी समुपदेशनाची पद्धत, ज्याला सीबीटी म्हणतात, आणि शिथिलीकरण यांचा नैराश्यात आणि मायग्रेनमध्येही उपयोग होतो. ‘सगळं मीच केलं पाहिजे’ या विचारावर काम करायची ती जागा आहे. तिथे स्वभाव मोडीत काढत नाहीत. टापटीप तुमचीच राहील, तिच्यापायी जेवण चुकवणं तेवढं थांबेल.

दुखायच्या आधी डोळ्यांपुढे चकाकणाऱ्या नागमोडी रेषा येत असतील, तर ते स्त्रीरोगतज्ज्ञांना आवर्जून सांगा. अशा बायकांना इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्यांनी पक्षाघाताचा धोका वाढतो. गौरी-गणपतीसाठी पाळी पुढे ढकलायची गोळीही विचारल्याशिवाय घेऊ नका.

आता लेक. आईला मायग्रेन असला की मुलीला होण्याची शक्यता वाढते, ती टापटिपीमुळे नव्हे. तुम्ही कित्येक वर्षं पित्त म्हणून काढलीत, तेवढी तिची जाणार नाहीत, कारण घरात ओळखणारं माणूस आहे. या वयात झटके लहान असतात, पुष्कळदा दोन्ही बाजूंना किंवा कपाळावर दुखतं, कधी पोटातही. झोपेची वेळ रविवारीही फार बदलू देऊ नका. शाळेला जाताना तिने काहीतरी खाल्लेलं असावं आणि दप्तरात पाण्याची बाटली असावी. गोळी तिच्या वजनाप्रमाणे डॉक्टरांनी ठरवून द्यावी, तुमच्या स्ट्रिपमधली अर्धी करून नको. वर्गशिक्षिकेला भेटून सांगा की डोकं दुखायला लागलं तर तिला लगेच गोळी घेऊ द्या आणि अर्धा तास अंधाऱ्या खोलीत पडू द्या. चष्म्याचा नंबर तपासा. पण नंबर निघाला नाही, तर ‘अभ्यासाचं टेन्शन’ म्हणून विषय मिटवू नका. पुढच्या वेळी स्वतःला दाखवायला जाल तेव्हा तिलाही सोबत न्या, आणि तिचं काय दुखतं ते तिलाच बोलू द्या.